ह्या वर्षीची मळई

आमच्या शेताच्या तुकड्यांना नावं आहेत. घराकडून गेलं की पहिला लागतो तो वरला. त्याच्या खाली मधला. खाडीच्या बांधाला लागून आहे तो बांधकाठा. ही नावं माझ्या आज्याच्या आधीपासूनची आहेत. मळई नावाचा तुकडा आमच्यात नाही. आमच्यातच काय, गावात कुणाच्यात नाही.

तरी सरू मला शेवटी तेच सांगून गेली. पेणच्या दवाखान्यात होती. बोलणं कमी झालं होतं, पण शुद्ध होती. म्हणाली, "ह्या वर्षी वाल मळईत टाका. दुसरीकडं नको." मी म्हणालो, "बरं." तिचं बोलणं मी बरोबर ऐकलं होतं. मळई हा शब्द मी तिच्या तोंडून लग्न झाल्यापासून ऐकत होतो. भात कापून झालं की ती म्हणायची, जरा मळईत जाऊन येते. मग एक दिवस वाल उगवलेले दिसायचे. त्यात विचारायचं असं काही मला कधी वाटलं नाही.

सरू माझी बायको. तिचं माहेर अष्टमी, रोह्याच्या पुलापलीकडं, कुंडलिकेच्या काठावर. माझं गाव वडखळच्या खालच्या अंगाला, खाडीकडं. मी आधी मिठागरावर होतो. मिठागर बंद झालं, मग शेतीच केली. ती लग्नात आली तेव्हा आईनं दिलेलं वालाचं बी पदराला बांधून आली होती. बारीक कडवे वाल. तेच बी दरवर्षी टाकायचं, त्यातलंच राखेत घोळवून मडक्यात ठेवायचं. तिच्या माहेरी ते बी आता राहिलेलं नाही. भावानं शेत विकलं, तिथं इमारत झाली. म्हणजे जे आहे ते आमच्या मडक्यात.

ती दिवाळीच्या आधी गेली. दिवस झाले, पाहुणे गेले. मुलगा निलेश आणि सूनबाई ऋतुजा अष्टमीला परत गेले. निलेश तिकडं कंपनीत आहे, भाड्याच्या खोलीत राहतो. घरात मी एकटा उरलो. भात कापलं आणि वालाची वेळ आली. आदल्या वर्षी सरूनं बांधकाठ्यात, बांधाच्या पोटाशी टाकले होते. ते चांगले झाले होते. मी समजलो, तीच मळई. मडक्यातलं निम्मं बी तिथं टाकलं. निम्मं ठेवलं, कारण तीही सगळं बी एकदम कधी टाकत नसे.

वाल उगवले. चार पानांवर आले आणि पिवळे पडायला लागले. मी खाली वाकून पाहिलं तर बांधाला खेकड्यांची बिळं. भरतीला त्यातून खारं पाणी पाझरत होतं. एकेक रोप बसत गेलं. एक शेंग हाती आली नाही.

त्या वर्षी वाल बाजारातून आणले. ऋतुजानं सोललेल्या वालांचं पाकीट पाठवलं होतं. मी त्याचं बिरडं केलं. चांगलं झालं होतं. अर्धं उरलं ते दुसऱ्या दिवशी टाकून दिलं.

पाऊस सरत आला तेव्हा मडकं उघडलं. वालाचं बी एक वर्ष राहतं, दोन वर्षं कसंबसं राहतं. किड्यानं काही दाणे पोखरले होते. मी थोडे ओल्या फडक्यात बांधून ठेवले, त्यातल्या निम्म्यांना मोड आले. म्हणजे ह्या वर्षी टाकले तर टाकले. पुढच्या वर्षी त्या मडक्यात नुसती राख राहणार. आणि मला मळई कुठं आहे हे माहीत नव्हतं.

शेजारच्या धोंडुबाईला विचारलं. ती माझ्याहून मोठी, तिचं शेत आमच्या बांधाला लागून आहे. तिनं तोंडातली मशेरी थुंकली.

"मळई? तुझी बायको आमाला बी सांगायची, मळईत जाऊन येते. आमाला वाटायचं, परसाकडं जाते."

"शेतात जायची ती."

"शेतातच जायची रं. पण कुठं थांबायची, ते कोण बघतंय? इकडं फिरायची, तिकडं फिरायची. आमच्यात माती दोन जातीची, जनू. खारी आन् कमी खारी. तिसरी जात तुझ्या बायकोनं आणली."

"तुला कुठली जागा वाटते?"

"मला इचारतोस? घरात होती तवा तिला इचारायचं."

ती काही वाईट मनानं बोलली नाही. तिचं बोलणंच तसं आहे. जाताना वाटीभर खाडीतल्या तिसऱ्यांचं कालवण देऊन गेली.

संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला. ती रोज करते. जेवलात का, गोळी घेतली का, एवढं विचारून ठेवते. त्या दिवशी मीच विचारलं. तिनं मोबाइलवर बघून लगेच परत फोन केला.

"बाबा, मळई म्हणजे नदीच्या गाळानं तयार झालेली सुपीक जमीन. नदीकाठची."

"आपल्याकडं नदी कुठं हाय?"

"तेच ना. खाडी आहे." मग म्हणाली, "विठूमामांना विचारा ना. आईंचा शब्द आहे, त्यांच्याकडचा असणार. तुम्ही या इकडं. आणि चार दिवस राहा."

"भात उभं हाय."

"भात तुमच्याशिवाय पण उभंच राहील, बाबा."

मी गेलो. वडखळपर्यंत रिक्षानं, पुढं एसटीनं. रोह्याला उतरलो आणि पूल ओलांडून अष्टमीत आलो. पुलावर थांबून खाली पाहिलं. सरू बरोबर असली की ती नेहमी पुलावर थांबायची आणि पाणी किती चढलं होतं ते काठावरच्या झाडांना अडकलेल्या कचऱ्यावरून बघायची. मी पिशव्या घेऊन पुढं जायचो.

विठू, सरूचा धाकटा भाऊ, दारातच बसला होता. त्याच्या शेजारी बाकड्यावर कमरुद्दीन. कमरुद्दीन त्यांचा जुना शेजारी. बरीच वर्षं कुवेतला होता, आता कायमचा आला आहे. दोघं दिवसभर त्या बाकड्यावर बसतात आणि भांडतात.

"या दाजी," विठू म्हणाला. "पोराकडं आलात का आमच्याकडं?"

"तुझ्याकडं. मळई म्हणजे काय, ते इचारायला."

विठू हसलाच नाही. माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ताई म्हणायची?"

"शेवटी तेच म्हणाली. वाल मळईत टाका."

कमरुद्दीन पुढं सरकला. "जनूभाऊ, मळई म्हणजे मलाई. दुधावरची असते तशी मातीवरची. वरचा थर, मऊ. साधी गोष्ट आहे."

"ह्याला कुवेतात सगळं दुधातलंच दिसायचं," विठू म्हणाला. "मलाई नाय रे. मळ. अंगाचा मळ असतो तो. नदी पावसात डोंगर धुते, त्याचा मळ घेऊन खाली येते आन् आमच्या दारात टाकते. म्हणून मळई. आमचा आजा तसंच सांगायचा."

"म्हणजे तुझ्या आज्यानं मळात वाल लावले?"

"लावले. आन् तुझ्या बापानं ते खाल्ले. टोपली भरून न्यायचा."

"ते खाल्ले," कमरुद्दीननं कबूल केलं. "पण खाताना मलाईच वाटायचे."

त्यांचं ते कितीही वेळ चाललं असतं. मी म्हणालो, "नाव कशावरनं का असंना. मला ती जागा वळखायची कशी ते सांगा."

विठू उठला. त्याचे गुडघे दुखतात, तरी काठी घेऊन चालायला लागला. आम्ही तिघं नदीवर गेलो. इमारतींच्या मागून वाट होती. पूर ओसरून बरेच दिवस झाले होते. काठावर सगळीकडं चिखल वाळलेला. मला सगळा सारखाच दिसला.

"चप्पल काढा, दाजी."

मी काढली.

"इथं पाय ठेवा."

ठेवला. चिखलानं पाय धरला. ओढून काढायला लागला.

"ती नाय. ही चिकण. आता इथं."

तिथं पाय सरकला. खाली रेती होती.

"ही पण नाय." तो काठीनं पुढं पुढं दाखवत गेला. एका ठिकाणी थोडा खोलगट भाग होता. वर पापुद्रे धरलेले, कडा वर वळलेल्या. मी पाय ठेवला तसे पापुद्रे मोडले आणि पाय आत गेला. आत गार होतं. पाय उचलला तर सहज वर आला.

"ही," विठू म्हणाला. "पाय धरत नाय आन् सोडून पण देत नाय. ही मळई."

मी खाली बसून माती हातात घेतली. काळपट होती, चोळली तर पिठासारखी झाली.

"मग तुमचे वाल इथं असायचे?"

"इथं ह्या वर्षी असते. गेल्या वर्षी त्या तिकडं, धक्क्याकडं असते." त्यानं काठी फिरवली. "मळई काय जागा नाय, दाजी. पाणी जिथं थांबतं, दम खातं आन् मग जातं, तिथं ती ऱ्हाते. दर वर्षी पाणी दुसरीकडं थांबतं. म्हणून दर वर्षी शोधायची."

मी हातातली माती खाली सोडली.

"आमच्या घरात शोधायचं काम ताईचं," विठू म्हणाला. "अंगानं हलकी, म्हणून आई तिला पुढं धाडायची. पूर उतरला की ती काठानं फिरून यायची. आली की आई पहिलं काय विचारायची? कुठं सापडली, असं नाय विचारायची. पाय किती गेला, असं विचारायची. ताई घोट्याला बोट लावून दाखवायची, एवढा."

कमरुद्दीन नदीकडं बघत होता. म्हणाला, "आम्ही पोरं मागनं ओरडायचो, सरू बुडाली, सरू बुडाली. ती दगड मारायची. नेम चांगला होता."

परत येताना मी आमच्या गावाचा विचार करत होतो. आमच्याकडं 'पाणी आलं' हे माणूस ओरडूनच सांगतो. बांध फुटला की थाळा वाजतो आणि सगळे घमेली घेऊन पळतात. शेतात एकदा खारं पाणी शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे मातीला उतार पडत नाही. आम्ही तुकड्यांना नावं दिली ती तुकडा वाचवायला. सरू लग्न होऊन आली त्या पावसात डोंगराकडून येणारा वहाळ फुगला आणि मधल्यात पाणी भरलं. आम्ही सगळे हैराण. ही पडवीत उभी राहून ते गढूळ पाणी बघत होती आणि तोंडावर हसू. माझी आई म्हणाली, "घर बुडालं तरी हसंल ही." मलाही तेव्हा राग आला होता.

निलेशच्या खोलीवर गेलो तेव्हा तो रात्रपाळी करून झोपला होता. उठल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, वाल बाजारात भेटतात की. कडवे पण भेटतात." मी म्हणालो, भेटतात. ऋतुजानं राहायचा आग्रह केला. मी संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. तिनं डब्यात भाकरी आणि सुकट दिलं होतं. घरी येऊन दिवा लावला आणि डबा उघडून तसाच ओट्यावर बसून खाल्ला.

भात कापून झालं. भारे खळ्यावर आले. मग मी एका सकाळी चप्पल पडवीत काढून शेतात गेलो. वरल्यापासून सुरुवात केली. कापलेल्या भाताचे खुंट पायाला टोचत होते. सरू हे दरवर्षी करायची आणि रात्री पायाला खोबरेल लावायची. मला वाटायचं, भेगांना लावते.

वरल्यात माती घट्ट होती. मधल्यात मातीनं पाय धरला, सोडला नाही. मी ओळीनं चाललो होतो, मग ओळ सोडून चालायला लागलो. पुष्कळ वेळ गेला. धोंडुबाई तिच्या बांधावर गवत कापत होती.

"जनू, काय हरवलं रं?"

"मळई."

"ती गेली की घेऊन."

मी चालत राहिलो. तिलाही बोलल्यावर कसंतरी झालं असावं. विळा खाली ठेवून ती माझ्याकडं बघत उभी राहिली.

बांधकाठ्यातही काही सापडलं नाही. गेल्या वर्षीच्या वालांची जागा पांढरी पडली होती. राहिला होता फक्त उघाडीचा कोन. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला ते आपोआप उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं, भरतीला मिटतं. त्या दाराजवळचा कोन आमच्या तुकड्यात येतो, पण तिथं कुणी कधी काही पेरलं नाही. दाराच्या फटीतून खारं येतं, म्हणून ती सगळ्यात वाईट जागा. लहानपणी आम्हाला सांगायचे, तिथं बी टाकणं म्हणजे खाडीत टाकणं.

तिथं पाय ठेवला आणि पापुद्रे मोडले.

मी थांबलो. दुसरा पाय ठेवला. तोही आत गेला. उचलला, वर आला. पायाखाली गार लागत होतं. थोडं पुढं जाऊन पाहिलं, तिथंही तसंच. मग माझ्या ध्यानात आलं. ह्या पावसात वहाळानं आपली वाट बदलली होती. आधी तो मधल्यातून जायचा, ह्या वर्षी बांधाच्या कडेकडेनं येऊन उघाडीपाशी तुंबला. डोंगराचं गोडं पाणी दार उघडायची वाट बघत पावसाळाभर त्या कोनात थांबून होतं.

पण पाय एक सांगत होता आणि जन्मभर ऐकलेलं दुसरं सांगत होतं. पायाचं मला कळत नाही, मी त्यात नवा. मिठाचं कळतं. मिठागरावर आम्ही चिखल जिभेला लावून सांगायचो, मीठ धरलं की नाही. मी माती उचलली आणि जिभेवर ठेवली. वरची चाखली, हात खुपसून खालची चाखली. जिभेला माती लागली, दुसरं काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मडकं घेऊन गेलो. निम्मं टाकावं आणि निम्मं ठेवावं असं एकदा मनात आलं. पण ठेवून काय होणार होतं? किडा खाणार. सगळं बी पदरासारखं धोतरात घेतलं आणि खुरप्यानं भोकं करून दोन-दोन दाणे टाकत गेलो. पोखरलेले पण टाकले. धोंडुबाई बांधावर आली.

"उघाडीत टाकतोस? बायको गेली, आता डोकं पण गेलं काय?"

"बघू."

"बघू काय. खाडीला जेवण घातलंस."

नंतर मी रोज तिकडं गेलो नाही. भीती वाटायची. सकाळी मधल्यापर्यंत जायचो, तिथून कोनाकडं बघायचो आणि परत यायचो. लांबून काही दिसत नव्हतं. मग धोंडुबाईच सांगत आली. तिनं पायातला काटा काढत उगाच दुसऱ्याच विषयावर बोलल्यासारखं केलं आणि म्हणाली, "उगवलेत तुझे."

सगळे नव्हते उगवले. मधे मधे जागा रिकाम्या होत्या. पण जे उगवले ते हिरवे होते. चार पानांवर आले तेव्हा मी रोज जायला लागलो. पौर्णिमेची मोठी भरती आली, त्या दिवशी दारापाशी बसून राहिलो. फटीतून थोडं पाणी आलं, चरातून बाजूला गेलं. पानं पिवळी पडली नाहीत. वेल पसरले, पांढरी फुलं आली.

ऋतुजाचा फोन आला तेव्हा सांगितलं, शेंगा धरल्या.

"कुठं टाकलेत, बाबा?"

"मळईत."

"सापडली? कुठं आहे?"

"ह्या वर्षी उघाडीच्या कोनात हाय."

"ह्या वर्षी म्हणजे?" तिनं विचारलं. मी सांगायला लागलो, तेवढ्यात निलेश शिफ्टवरून आला आणि ती म्हणाली, उद्या करते.

माघात शेंगा वाळल्या. मी टोपली घेऊन गेलो. पहिल्या वाळलेल्या शेंगा बियाला ठेवायच्या, खायच्या नंतर, हा तिचा नियम. शेंगा तोडता तोडता मनात आलं, सरू असती तर तिनं जागा विचारलीच नसती. शेंगा किती हेही नसतं विचारलं.

"पाय घोट्याएवढा गेला," मी म्हणालो.

धोंडुबाई पलीकडच्या बांधावर होती. "कुणाशी बोलतोस रं?"

"कुणाशी नाय."

तिनं हातातला विळा बांधावर ठेवला. मग बांध उतरून आली, पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाकडून शेंगा तोडायला लागली.